आमची वाटचाल : प्लेट जळली, पण कशामुळे?

उद्यमबागेजवळच्या शेडमध्ये बाबांनी ट्रकच्या गिअरबॉक्सची कामं सुरू केली. क्लचची लायनिंग रिव्हेट करायची, प्रेशर प्लेट फेसिंगला शेजारच्या लेथवाल्याकडे द्यायची. बेळगावात मशीन शॉपला तोटा नाही, हे आमचं नशीब.

ऑटोमॅटिक गाड्या आल्या तेव्हा त्यांना हात लावायला इथे कोणी धजत नसे. गाडी टोचन करून पुण्याला जायची. ते काम आम्ही घेतलं. २०१४ साली सेलेरिओतून एएमटी, म्हणजे साध्या गिअरबॉक्सचा क्लच नि गिअर यंत्रानेच चालवणारी पद्धत, आली आणि गिऱ्हाईक तिलाही ऑटोमॅटिक म्हणू लागलं. पण तिच्यात साधाच गिअरबॉक्स नि कोरडा क्लच. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या, गाडीत क्लचचे पॅक तेलात बुडालेले असतात, एकाआड एक फ्रिक्शन प्लेट (घर्षणाचा थर असलेली) आणि स्टील प्लेट.

निपाणीकडची एक केए-२३ पासिंगची गाडी आली. मालक म्हणाले, "दादा, रेस व्हतीया, पण पळंना. प्लेटा तर आत्ताच बदलल्यात." दुसरीकडे बदललेल्या प्लेट काही महिन्यांतच गेल्या होत्या. स्कॅनरवर पी०७३० कोड, म्हणजे गिअरचा रेशो जुळत नाही. रिव्हर्स ठीक, फक्त पुढे जाताना घसरत होती. सगळ्याच गिअरला घसरली असती तर आधी तेलाची पातळी, फिल्टर आणि पंप पाहिले असते; इथे संशय फॉरवर्ड क्लचवर, म्हणजे पुढच्या गिअरांच्या क्लचवर, होता. तेल काळपट, जळका वास. गिअरबॉक्सखालचा तेलाचा चेंबर उतरवला. त्यातल्या लोहचुंबकाला राखाडी लगदा थोडाफार लागतोच, त्याचं काही नाही. पण तळाला काळा भुगा साचला होता.

खोलल्यावर फ्रिक्शन प्लेट काळ्या ठिक्कर, नखाने खरवडलं की थर सुटत होता. स्टील प्लेटवर निळे डाग. त्या स्टील प्लेट अगदी सपाट अशा सरफेस प्लेटवर ठेवून पाहिल्या तर वाकलेल्या. इथपर्यंत कोणीही पोचेल. खरं काम पुढे असतं. ड्रममधला, प्लेट दाबणारा पिस्टन काढला तर त्याच्या सीलची ओठासारखी कड प्लास्टिकइतकी कडक झालेली. तिथून तेलाचा दाब निसटत होता, प्लेट पुऱ्या दाबल्या जात नव्हत्या, घसरून तापत होत्या. मागच्या वेळी सील तसंच ठेवलं होतं.

तेव्हापासून नुसत्या प्लेट बदलून द्या म्हणणाऱ्याला आम्ही सरळ नाही म्हणतो. काही गिऱ्हाइकं तुटली, तुटू देत. सील किट नवं, फ्रिक्शन प्लेट बसवण्यापूर्वी ठरलेल्या ग्रेडच्या एटीएफमध्ये (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात) भिजवलेल्या. पॅक बसवल्यावर फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) क्लिअरन्स, म्हणजे मोकळी फट, मापायचा, मॅन्युअलच्या आकड्यात नसेल तर वेगळ्या जाडीची सर्क्लिप (पॅक अडवणारी कडी) घालायची. मग तेलाच्या वाटेतून कमी दाबाची हवा सोडायची. पिस्टन ठप्पकन बसला तर ठीक. फुसफुस आली तर पुन्हा खोलायचं, रात्र झाली तरी. कन्व्हर्टर नि कूलरच्या पाइपांत जुना भुगा राहिला तर नव्या व्हॉल्व्ह बॉडीचंही (तेलाचा दाब वाटणाऱ्या भागाचं) वाटोळं होतं, म्हणून तीही सफाई बिलात धरतो. बिलावर लोक कुरकुरतात ते इथेच.

आमच्याकडे गोव्याला जाणाऱ्या गाड्या जास्त. चोर्ला घाटाच्या चढाला भरलेली गाडी रांगेत हळूहळू ओढली की कन्व्हर्टर तापतो, तेल लवकर म्हातारं होतं. अशांना तेल लवकर बदला म्हणून सांगतो, कंपनीने 'लाइफटाइम' लिहिलेलं असलं तरी.

ड्युअल क्लचची, म्हणजे दोन क्लच असलेल्या गिअरबॉक्सची, कामं सध्या घेत नाही. त्यासाठी धूळबंद खोली हवी. मागच्या मोकळ्या जागेत तिचं बांधकाम चालू आहे.