परत पाठवलेली खिचडी

डब्याचं झाकण उघडलं की मी आधी खिचडीकडे बघतच नाही, झाकणाच्या आतल्या बाजूकडे बघते. मुंबईत आमच्यासारख्या शाळांमध्ये मुलांच्या दुपारच्या जेवणासाठी चूल नसते. पहाटे कुठेतरी शिजलेली खिचडी गरमच डब्यांत भरून, वर क्लिपा लावून टेम्पोतून येते. वाफेचं पाणी झाकणाला धरतं आणि परत आतच ठिबकतं. म्हणून वरचा थर चवीला घ्यायचा नाही. डाव पार मध्यापर्यंत खुपसून तिथला ऊन घास काढायचा, नाकाशी धरायचा, मग दोन बोटांत चिमटून बोटं हळूच लांब करायची. खिचडी विटली की तार सुटते. वास मात्र तारेच्या आधी बदलतो. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही, वाढायला येणाऱ्या मावशींनी शिकवलं.

मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चव घ्यायची, त्यात एक तरी शिक्षक हवा, आणि नोंदवहीत सही करायची, असा नियम आहे. बऱ्याच ठिकाणी नुसती सही होते. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण मी पाहिलंय. १६ जुलै २०१३ ला बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत २३ मुलं दुपारच्या जेवणानं गेली. जेवणात कीटकनाशक होतं. तेलाचा वास वेगळा येतोय, असं स्वयंपाक करणारी बाई आधीच म्हणाली होती, अशी बातमी तेव्हा वाचली होती. ते माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

तो ऑगस्टमधला गुरुवार होता. रात्रभर पाऊस, कुर्ल्यात पाणी भरलेलं, टेम्पो पाऊण तास उशिरा आला. तीन डबे, पट १६८. पहिल्या डब्याचं झाकण काढलं आणि मला आंबूस वास आला. खूप नाही, नाकाशी येऊन निघून जावा इतकाच. घास बोटांत धरला, तार नव्हती. तोंडात टाकला, शेवटी जिभेवर काहीतरी राहिलं. मुख्याध्यापकांनी चव घेतली. "अहो, टोमॅटो जास्त पडलाय. मुलं साडेबारापर्यंत उपाशी राहतील त्याचं काय?" टेम्पोवाला म्हणाला, सगळ्या शाळांत हीच गेलीय, कुणी काही बोललं नाही. मी मावशींकडे बघितलं. त्यांनी घास घेतला, थुंकला आणि म्हणाल्या, "बाई, तार नाही. पण आज मी माझ्या नातवाला नाही देणार."

मी तिन्ही डबे परत केले. दुसऱ्या डब्याला वास नव्हता, तरीही. शिजवणी एकच, रस्ता एकच, वेळ एकच. तपासणीसाठी नमुन्याची वाटी बाजूला काढली, नोंदवहीत शेरा लिहिला, वर फोन केला. सर रागावले, पण खाली त्यांनीही सही केली. हे मी त्यांच्याबद्दल मुद्दाम लिहून ठेवते.

आणि मग १६८ मुलं. आम्ही सहा जणांनी पैसे काढले, शिपाईदादा पावसात जाऊन गाडीवरची होती नव्हती तेवढी केळी घेऊन आले. सात डझन. प्रत्येकाला अर्धं. पाचवीपर्यंतच्या मुलाला त्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, सहावीच्या पुढे ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. अख्ख्या केळ्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. मी विज्ञान शिकवते, हा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप होतो आणि त्या दिवशी तो नको होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं या जेवणात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. ज्यांनी तो बंद केला त्यांनी एकदा आमच्या वर्गातल्या मुलांचे दंड हातात धरून बघावेत.

सुटल्यावर मुलं फाटकाबाहेरच्या टपरीवर तुटून पडली. पिवळ्या नळ्या, पाच रुपयांची वेफर्सची पाकिटं, रंगीत पाण्याच्या पिशव्या. २०२० च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. ही टपरी मी टेपनं मोजलीय, १४ मीटर. दोनदा पत्र दिलंय. त्याच आठवड्यात आम्ही साखरेचा फलक केला होता, कशात किती साखर असते ते दाखवणारा. सीबीएसईनं मे २०२५ मध्ये त्यांच्या शाळांना असे फलक लावायला सांगितले. आमचं बोर्ड वेगळं, पण कल्पना चांगली होती. मुलांनीच चमच्यानं मोजून पुड्या बांधल्या होत्या. ३०० मिलिलिटर कोलाच्या बाटलीसमोर आठ चमचे साखर. सहावीतली मुलं ती पुडी हातात घेऊन गप्प झाली होती. त्यांतलीच दोघं मला टपरीपाशी दिसली. त्यांना काय बोलणार? पोट रिकामं मीच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी खिचडी वेळेवर आली. चांगली होती, दुधी घातलेली. चाळीसेक मुलांनी ताट पुढे केलंच नाही. "बाई, आंबट आहे का?" दुधी, पालक, मोड आलेली मटकी मुलांच्या पोटात जावी म्हणून जून महिन्यापासून मी रोज त्यांच्या पंक्तीत बसत होते, आणि एका दिवसात ते सगळं मागे गेलं. त्या नमुन्याचं पुढे काय झालं ते मला कळवलेलं नाही. दुसऱ्या शाळांतून कुणी आजारी पडल्याचं कानावर आलं नाही. म्हणजे खिचडी चांगली असेल. किंवा बाकीच्यांचं नशीब चांगलं असेल. मी रात्री हेच उलटंपालटं करत पडते. वास होता. मावशींनाही आला होता.

आता बहुतेक मुलं पुन्हा जेवतात. चौथीतली एक मुलगी मात्र ताट वाढलं की आधी ते नाकाशी नेते, दोन बोटांत शितं चिमटते, बोटं हळूच लांब करते, मगच पहिला घास घेते. बाजूच्या मुली हसतात. मी तिला अजून काही म्हटलेलं नाही.