सिंगापूरची बंदिस्त शेती आणि विजेचे बिल

बंदिस्त शेतीची, म्हणजे बंद खोलीत दिव्यांच्या उजेडात भाजी पिकवण्याची, चर्चा निघाली की पाण्याची बचत आणि फवारणीविना पिकलेली भाजी यांचे कौतुक भरपूर होते, पण विजेच्या बिलाचा विषय सहसा शेवटी निघतो. माझ्या मते तो सर्वांत आधी निघायला हवा.

९० टक्क्यांहून अधिक अन्न आयात करणाऱ्या आणि शेतीसाठी जेमतेम एक टक्का जमीन उरलेल्या सिंगापूरने २०१९ मध्ये ठरवले, की २०३० पर्यंत पोषणाच्या गरजेपैकी ३० टक्के अन्न देशातच पिकवायचे. त्याआधीच, २०१२ मध्ये, लिम चू कांग भागात स्काय ग्रीन्स या शेती कंपनीचे नऊ मीटर उंचीचे मनोरे उभे राहिले होते. त्यांतले पालेभाज्यांचे वाफे संथपणे फिरत. वर गेले की ऊन मिळे, खाली आले की पाणी. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते, कारण तिथला प्रकाश फुकटचा होता.

पुढे शेती बंद खोल्यांत गेली आणि हिशेब बदलला. एलईडी दिवे प्रकाशाबरोबर उष्णताही देतात आणि पाने बाष्प सोडत राहतात. म्हणून आधी दिव्यांसाठी वीज आणि मग खोली थंड व कोरडी ठेवण्यासाठी पुन्हा वीज, असा दुहेरी खर्च येतो. सिंगापूरची सुमारे ९५ टक्के वीज आयात केलेल्या नैसर्गिक वायूवर तयार होते, म्हणजे भाजीचे परावलंबन कमी करताना इंधनाचे वाढते. एवढे करून हाती येणाऱ्या लेट्यूसमध्ये ९५ टक्के पाणी असते. १०० ग्रॅममध्ये जेमतेम १५ कॅलरी, तर तेवढ्याच कोरड्या तांदळात साडेतीनशेच्या आसपास.

जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा सिंगापूरने वाटाघाटी करून ५०,००० टनांची सवलत मिळवली. शिवाय तिथल्या तांदूळ आयातदारांना दोन महिन्यांच्या आयातीइतका साठा कायद्याने ठेवावाच लागतो. अन्नसुरक्षा म्हणतात ती मला या कोठारांत अधिक दिसते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने ते ३० टक्क्यांचे उद्दिष्ट मागे घेतले आणि २०३५ पर्यंत देशात खपणाऱ्या तंतुमय अन्नापैकी २० व प्रथिनांपैकी ३० टक्के देशातच तयार करण्याचे नवे लक्ष्य ठेवले. हे बंदिस्त शेतीचे अपयश आहे, असे मी म्हणणार नाही. झटपट वाढणाऱ्या आणि लवकर कोमेजणाऱ्या पालेभाज्या, तसेच निरोगी रोपे, यांसाठी ती उपयोगी आहेच. भात-गव्हाची जागा मात्र तिच्याकडून मागू नये.