लँडलाइन नको, फक्त नेट: खान्देशात फायबर घेताना काय बघायचं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे अजूनही बरीच मंडळी विचारतात, "नेट घ्यायचं तर फोनचा नंबर घ्यावाच लागतो का?" नाही लागत. फोन आणि नेट एकाच तांब्याच्या जोडीवरून यायचे तेव्हा ती गोष्ट वेगळी होती. फायबरवर फोन ही नेटवरच चालणारी वेगळी सोय आहे. ओएनटीच्या, म्हणजे फायबरच्या डब्ब्याच्या मागे 'टेल' किंवा 'फोन' लिहिलेलं पोर्ट असतं, ते रिकामं ठेवलं तरी नेटला काही फरक पडत नाही.

फक्त घरातल्या आबा-आजींना एक गोष्ट आधी सांगून ठेवा. तांब्याच्या फोनला एक्स्चेंजमधून 48 व्होल्ट मिळायचे, म्हणून लाईट गेली तरी तो वाजायचा. फायबरवरचा फोन डब्बा बंद पडला की मुका होतो. जुना नंबर सोडण्याआधी तो बँकेत, गॅस एजन्सीत कुठे दिलेला आहे ते बघा आणि अनामत रक्कम परत मागायला विसरू नका.

आता खरा मुद्दा. कनेक्शन घेताना लोक 'किती एमबीपीएस' एवढंच विचारतात. त्याआधी विचारायचं ते 'डीबीएम किती'. डब्ब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचं हे माप. उणे आकड्यात येतं आणि दर 3 डीबीला प्रकाश निम्मा होतो. जीपॉनच्या, म्हणजे घरगुती फायबरच्या, नेहमीच्या डब्ब्याला उणे 8 ते उणे 27 एवढी मर्यादा असते. उणे 15 ते उणे 24 असेल तर बिनघोर राहा. उणे 26 म्हणजे आज चालेल, पण पहिल्या पावसात लाल दिवा लागेल.

हिशोब साधा आहे. ऑपरेटरकडून साधारण अधिक 3 डीबीएम निघतात. 1:64 स्प्लिटिंगमध्ये, म्हणजे एक फायबर 64 घरांत वाटताना, 20-21 डीबी जातात, पाच किलोमीटर फायबरमध्ये दीड-दोन, जोडांमध्ये एखादा. म्हणजे घरी उणे 20 च्या आसपास यायला हवं. उणे 26 आलं तर वरचे 6 डीबी वाटेत कुठेतरी सांडतायत. बहुतेक वेळा दोष तीनपैकी एक असतो: कनेक्टरच्या टोकाला धूळ, तार कुठेतरी करकचून वाकलेली, किंवा हिरवा कनेक्टर निळ्यात खुपसलेला. हिरव्याचं टोक 8 अंशांत तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत बसतात, पण मध्ये फट राहते. तंत्रज्ञ घरातून निघण्याआधी त्याच्या पॉवर मीटरचा आकडा बघा आणि फोटो काढून ठेवा. नंतर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये 192.168.1.1 उघडून (काही डब्ब्यांत 192.168.100.1) स्टेटसमध्ये 'आरएक्स पॉवर', म्हणजे हाच डीबीएमचा आकडा, दिसतो. तक्रार करताना "नेट स्लो आहे" पेक्षा "उणे 20 होतं, आता उणे 27 आहे" हे वाक्य फार लवकर काम करतं.

घराबाहेरची तार हा आपल्या भागाचा खास रोग. गल्लीत आडवी ओढलेली ड्रॉप वायर (खांबावरून घरात येणारी फायबरची तार) कडब्याने उंच भरलेल्या ट्रॉलीत अडकते. शेताच्या बांधावरची तार पऱ्हाटी पेटवली की वितळते. तार मागायचीच तर स्टीलच्या तारेचा आधार असलेली मागा. खांबावर आणि भिंतीवर थोडी जादा गुंडाळी सोडायला लावा, तुटल्यावर जोडायला तीच उपयोगी येते. भिंतीत शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी आत न जाता तिथूनच ठिबकेल. फायबरच्या उघड्या टोकात डोकावू नका, लेझर डोळ्यांना दिसत नाही.

डब्बा पत्र्याच्या खोलीत किंवा टीव्हीच्या कपाटात कोंडू नका. बहुतेकांची मर्यादा 40-45 अंश लिहिलेली असते आणि मे महिन्यात भुसावळला ती सावलीतच गाठली जाते. दुपारी बंद, संध्याकाळी आपोआप चालू, असं होत असेल तर आधी डब्ब्याला हात लावून बघा.

लाईटचं काय? डब्बा बहुधा 12 व्होल्टचा असतो. अडॅप्टरवर 1, 1.5 की 2 अँपिअर ते वाचून तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेचा मिनी यूपीएस घ्या. 10,400 एमएएच लिहिलेलं असलं तरी ते 3.7 व्होल्टवरचं असतं, म्हणजे 38 वॉट-तास. डब्बा 8-10 वॉट खातो आणि थोडं वाटेत वाया जातं, म्हणून तीन-साडेतीन तास धरा. पण गावातल्या ऑपरेटरने खांबावर स्विच (नेट पुढे वाटणारं, लाईटवर चालणारं यंत्र) लावून शेजारच्या घरातून लाईट घेतली असेल, तर तुमचा यूपीएस चालू राहूनही नेट जाईल. घेण्याआधी विचारा: मध्ये नुसता स्प्लिटर (लाईट न लागता प्रकाश वाटणारा) आहे की लाईटवर चालणारा स्विच?

धाब्याच्या घरात दोन फूट मातीच्या भिंतीपलीकडे वाय-फाय पोचवायचा हट्ट सोडा, 5 गिगाहर्ट्झचं वाय-फाय तर दुसऱ्या खोलीतच दम तोडतं. कॅट-6 ची (नेटची) तार ओढून मागे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (तारेतून आलेलं नेट वाय-फायवर देणारा) म्हणून लावा. 200 एमबीपीएसचा प्लॅन असून तारेवर 94-95 वरच अडकत असेल, तर पोर्ट 100 चं आहे किंवा तारेतल्या चारपैकी एखादी जोडी तुटलेली आहे. अशा घरात मोबाइलला रेंज कमी असते, तेव्हा फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. लँडलाइनची उणीव बरीचशी तिथेच भरून निघते.

मळ्यात फायबर पोचत नसेल तर 5जी चा बाहेरचा डब्बा किंवा रेडिओ लिंक (अँटेनातून हवेतून येणारं नेट) लावा. केळीच्या बागेच्या उंचीवर लावू नका, ओली पानं सिग्नल खातात. खांब बागेच्या वर काढा.

बिलात 18 टक्के जीएसटी वेगळा असतो: 499 चे 588.82 होतात. वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी एक महिना वापरून बघा. दुकानाचे किंवा मळ्याचे कॅमेरे बाहेरून थेट बघायचे असतील तर राउटरचा वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, तपासा. तो 100.64 ते 100.127 ने सुरू होत असला तर तो पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून यायची वाट) उघडून काही होणार नाही. पब्लिक आयपी (फक्त तुमचा पत्ता) वेगळा मागावा लागेल, किंवा क्लाउड अ‍ॅपवर चालणारे कॅमेरे घ्यावे लागतील.