घरचा सीएनसी राउटर : फ्रेम, रेल आणि काटकोन

राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने लाकूड-धातू कोरणारं मशीन, आता हलता झाला. बेस, गॅन्ट्री (बेसवरून पुढे-मागे सरकणारा आडवा पूल), तिन्ही अक्षांचे (एक्स आडवा, वाय पुढे-मागे, झेड वर-खाली) रेल आणि बॉलस्क्रू (मोटरचं फिरणं सरळ चालीत बदलणारे स्क्रू) बसले, पॅनेलचं वायरिंग पूर्ण झालं आणि ॲल्युमिनियमवर पहिला कट मारून झाला. कामाची हद्द 800 बाय 600 मिमी, झेडची चाल 150. अजून कव्हर नाहीत, धूळ ओढायची सोय नाही, रंगही नाही. पण मशीनची भूमिती हातात आली आहे, म्हणून ही नोंद मुख्यतः तिच्याबद्दल.

घरी राउटर करायला घेतला की पहिला प्रश्न येतो तो कंट्रोलर (हुकूम देणारा बोर्ड) कुठला, ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) कुठला. मला हा क्रमच उलटा वाटतो. ड्रायव्हर उद्या काढून दुसरा लावता येतो, अर्ध्या तासाचं काम आहे. रेलची बैठक मात्र एकदा बिघडली की पुढचं सगळं त्या बिघाडावरच उभं राहतं. सॉफ्टवेअरने बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रूत जाणवणारा ढिलेपणा) थोडाफार झाकता येईल, पण रेलमधला पीळ झाकता येत नाही. बजेटमधला मोठा वाटा मी म्हणूनच मशीनिंगवर घातला.

फ्रेम एमएस (साध्या स्टीलच्या) स्क्वेअर पाइपची, वेल्डिंग केलेली. ॲल्युमिनियम प्रोफाइल घेतलं असतं तर काम पटकन झालं असतं, तरी स्टील घेण्याला दोन कारणं होती. एक, स्टील ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ आहे. दुसरं तापमान. एक मीटर ॲल्युमिनियम दर अंशाला साधारण 23 मायक्रॉन वाढतं, स्टील 12 च्या आसपास. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळ आणि भर दुपार यांत वीसेक अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात ॲल्युमिनियमचा बीम आणि त्यावर आवळलेला स्टीलचा रेल यांच्या लांबीत मीटरमागे 0.2 मिमीहून जास्त तफावत येते आणि दोघं एकमेकांना ओढायला लागतात. फ्रेमही स्टील, रेलही स्टील असले की दोन्ही बरोबर वाढतात.

गॅन्ट्रीबद्दल एक हिशोब करून पाहाच. बीमचा वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मनात 1200 चा गाळा होता, तो 900 वर आणला. लांबी पाऊणपट झाली आणि त्याच बोजाखाली वाक 0.42 पट, म्हणजे निम्म्याहून कमी. मोठ्या शीटचा मोह सोडला आणि मशीनचा सगळा स्वभाव बदलला.

वेल्डिंगनंतर फ्रेम स्ट्रेस रिलीव्ह करून घेतली. भट्टीत 600 अंशांच्या वर नेऊन तिथे धरायची आणि भट्टीतच सावकाश थंड होऊ द्यायची. हे टाळून मशीनिंग केलं तर वेल्डिंगचा ताण पुढे हळूहळू सुटत राहतो आणि सपाट केलेली बैठक सपाट राहत नाही. कोल्हापूरकरांना यासाठी लांब जावं लागत नाही. उद्यमनगर आहे, शिरोली आहे, गोकुळ शिरगाव आहे. इथल्या फाउंड्रीवाल्यांना आणि जॉबवर्कवाल्यांना माझ्यासारख्याचा एखादा नग म्हणजे किरकोळ काम, तरीही लोक तो आपुलकीने करून देतात.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते प्लॅनोमिलरवरच्या (मोठे भाग सपाट कापणाऱ्या मशीनवरच्या) कामानं. मशीन चालवणारे मामा साठीच्या पुढचे. फ्रेम टेबलावर ठेवली, तर तीन कोपरे टेकले आणि चौथ्याखाली फीलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) जाड पान आरामात सरकत होतं. मी क्लॅम्पकडे हात नेला तसे मामा म्हणाले, "थांब. आधी जॉबला त्याच्या मनानं बसू दे." मग त्यांनी मॅग्नेटिक स्टँड लावून डायलचं (मिमीचे शतांश दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाचं) टोक त्या कोपऱ्यावर आणलं, काटा शून्यावर केला आणि नट हळूहळू आवळायला घेतला. काटा सरकला तसा त्यांनी नट सोडला. "बघ, आता आपण जॉब वाकवालोय. असाच कापला तर पट्टी एकदम सरळ दिसंल, आणि क्लॅम्प सोडला की जॉब परत जाग्यावर. मग काय उपेग?" खाली एक शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) सारली, पुन्हा आवळलं, काटा पुन्हा थोडा हलला, आणखी एक पातळ शिम घातली. नट पूर्ण आवळूनही काटा जागचा हलला नाही, तेव्हाच ते पुढच्या क्लॅम्पकडे वळले. कापण्याला लागला त्याहून जास्त वेळ या बसवण्यात गेला.

दोन्ही वाय रेलच्या बैठका एकाच सेटिंगमध्ये कापल्या, त्यामुळे त्या एकाच पातळीत आल्या. मास्टर रेलच्या (जो आधी बसतो आणि दुसऱ्याला आधार होतो त्या रेलच्या) बाजूला 3 मिमी उंचीचा खांदा काढून घेतला. यापेक्षा उंच खांदा नको, नाहीतर रेलवर सरकणाऱ्या ब्लॉकच्या कडेला लागण्याची भीती. कापलेल्या पृष्ठभागावर तिथेच तेल चोळलं. पावसाळ्यात आपल्याकडची हवा उघड्या लोखंडाला एक रात्रसुद्धा माफ करत नाही.

रेल 20 नंबरचे, एचजीआर या चौकोनी रेलच्या प्रकारातले. मास्टर रेल सी-क्लॅम्पने खांद्याला दाबून धरला आणि बोल्ट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे आवळत नेले. एम5 बोल्टला स्टीलच्या बैठकीवर साधारण 9 न्यूटन-मीटर टॉर्क. दुसऱ्या रेलला मुद्दाम खांदा ठेवला नाही, तो पहिल्याच्या आधाराने लावायचा. दोन्ही रेलवरचे ब्लॉक एका ताठ प्लेटने जोडले, दुसऱ्या रेलचे बोल्ट ढिले ठेवले, प्लेट टोकापर्यंत सरकवत गेलो आणि मागे पडत जाणारे बोल्ट आवळत आलो. मग डायलचा स्टँड मास्टरच्या ब्लॉकवर ठेवून टोक दुसऱ्या रेलच्या कडेला लावलं. पूर्ण लांबीत काटा 0.02 मिमीच्या आत राहिला. गॅन्ट्री बोटाने ढकलली तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखीच जाते, मध्ये कुठे जड होत नाही.

आता काटकोन, म्हणजे एक्स आणि वाय एकमेकांना काटकोनात आहेत का ते. वायला दोन बॉलस्क्रू, दोन मोटर, दोघांना वेगवेगळे होमिंग (मशीनला शून्याची जागा दाखवणारे) सेन्सर. एवढ्या मापाला गुण्या पुरत नाही, म्हणून कर्ण मोजले. मशीनकडूनच एमडीएफवर 800 बाय 600 च्या चार कोपऱ्यांवर भोकं पाडून घेतली आणि त्यात डॉवेल पिना बसवल्या. कर्ण 1000 यायला हवा, पण मीटरभर लांबी शतांशात मोजायचं साधन घरी कुणाकडे असतं? त्याची गरजही नाही. एक जाड पट्टी घेतली, एका टोकाला व्ही खाच केली, दुसऱ्या टोकाला डायल बसवली. एका कर्णावर काटा शून्य करायचा आणि पट्टी उचलून दुसऱ्या कर्णावर ठेवायची. फरक थेट दिसतो.

फरक आला 0.48 मिमी. कर्णाला फरकाने गुणायचं आणि दोन बाजूंच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचं : 1000 गुणिले 0.48, भागिले 9,60,000, म्हणजे 0.0005. मीटरमागे अर्धा मिमी तिरकं. दोन स्क्रूंमधलं अंतर 900, म्हणून एका बाजूला 0.45 मिमीची दुरुस्ती. ही दुरुस्ती नुसती होमिंगच्या ऑफसेटमध्ये टाकून भागत नाही. गॅन्ट्रीचे साइड प्लेटकडचे बोल्ट आधी ढिले करायचे, ऑफसेट टाकून होमिंग करायचं आणि त्या अवस्थेत बोल्ट पुन्हा आवळायचे. नाहीतर मोटर सतत बोल्टशी झुंजत राहतात आणि पॉवर बंद केली की गॅन्ट्री पुन्हा तिरकी. दुसऱ्या मोजणीत कर्णांचा फरक 0.04 वर आला. लाकूड आणि ॲल्युमिनियमच्या कामाला एवढं भरपूर आहे.

इलेक्ट्रॉनिक्स थोडक्यात. नेमा 23 (हे मोटरचं प्रमाणित माप) मोटर, 1605 बॉलस्क्रू म्हणजे एका फेऱ्याला 5 मिमी. ड्रायव्हर एका फेऱ्याला 1600 पल्सवर ठेवला तर मिमीमागे 320 पल्स होतात, आणि मिनिटाला 5000 मिमी वेगासाठी सेकंदाला सुमारे 26,700. ऊनो बोर्डवर चालणाऱ्या जीआरबीएल या कंट्रोलर-सॉफ्टवेअरची झेप साधारण 30,000 पर्यंत, म्हणजे काठावरच. मला 3200 हवे होते आणि वायच्या दोन्ही बाजूंचं स्वतंत्र होमिंगही, म्हणून टीन्सी 4.1 या जास्त वेगवान बोर्डवर जीआरबीएल-हॅल ही त्याचीच पुढची आवृत्ती घेतली.

एक गोष्ट मात्र पाणी-कूलिंगचा स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) घेणाऱ्या प्रत्येकाने करावी. मल्टिमीटर घेऊन कनेक्टरची चौथी पिन आणि स्पिंडलची बॉडी यांच्यात कंटिन्युइटी तपासा. पुष्कळ स्वस्त स्पिंडलमध्ये ती पिन आत कशालाच जोडलेली नसते, म्हणजे धातूची बॉडी अर्थिंगशिवाय. वर व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आणि पाणी! माझ्या स्पिंडलची पिनही मोकळीच निघाली, ती आतून बॉडीला जोडून घेतली आणि मगच पहिल्यांदा करंट दिला. मोटर केबलचं शील्ड व्हीएफडीच्या अर्थला आणि स्पिंडलच्या बॉडीला, दोन्हीकडे जोडलं आहे. सेन्सरच्या केबलचं शील्ड फक्त पॅनेलकडे. सेन्सर 24 व्होल्टचे, ऑप्टोकपलरमधून (सिग्नल प्रकाशाने पलीकडे देऊन वीज वेगळी ठेवणाऱ्या भागातून). स्पिंडल 24,000 वर फिरवत ठेवूनही होमिंगचा एकही खोटा सिग्नल आलेला नाही.

पहिला कट एचई-30 ॲल्युमिनियमच्या प्लेटवर. 6 मिमीची सिंगल फ्लूट (एकाच धारेची) कार्बाइड एंडमिल, 16,000 आरपीएम, फीड मिनिटाला 800 मिमी, खोली 1 मिमी. हिशोबाने दाताला 0.05 मिमीची चिप. बाहेर पडली ती खरोखर चिप होती, पावडर नव्हे, आणि आवाज शेवटपर्यंत एका सुरात. 40 मिमीचं भोक कापून एक्स, वाय आणि दोन्ही 45 अंशांच्या रेषांवर मोजलं. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मापात 0.03 चा फरक. तिरक्या रेषांची मापं जवळजवळ सारखी आली याचा मला विशेष आनंद आहे, कारण काटकोन खरा असल्याची पावती तिथे मिळते.

पुढचं काम झेडचं ट्रॅमिंग, म्हणजे स्पिंडल टेबलाला अगदी काटकोनात आणणं. स्पिंडलला डायल लावून 200 मिमीच्या वर्तुळात फिरवली तर एक्सच्या दिशेने 0.07 दिसतं. ते 0.02 वर आणायचं आहे. त्यानंतर बॉलस्क्रूंवर बेलो (घडीची आवरणं) आणि मग स्पॉइलबोर्डचं (जॉबखालच्या पाटाचं) फेसिंग, म्हणजे तो सपाट करणं.

कूलिंगबद्दल मला एक माहिती हवी आहे. 2.2 किलोवॅटचा स्पिंडल एप्रिल-मेच्या उन्हात सलग दोन-तीन तास चालवणाऱ्यांनी पाण्याची टाकी किती लिटरची ठेवली आहे, रेडिएटर लावला आहे का, आणि परतीच्या पाण्याचं तापमान कुठवर जातं, ते जरूर कळवा. टाकी घ्यायच्या आधी तेवढे आकडे हाताशी हवेत.