लग्नपत्रिकेवरचा शिक्का

2004 च्या चवथीला माझा मावसभाऊ न्यू जर्सीहून फोंड्याला आमच्या घरी आला, तेव्हा अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीला दीडेक महिना उरला होता. रात्री आरत्या आटोपल्यावर आम्ही सोप्यावर बसलो असताना त्याने सांगितले की, ज्या जॉर्ज बुश यांना 2000 साली आपण आनंदाने मत दिले, त्यांना या खेपेस मत देणे आपल्याला जमणार नाही. हे सांगताना त्याच्या आवाजात राग कमी आणि दुःख जास्त होते.

आम्ही दोघेही तरुणपणी शेतकरी नेते शरद जोशींची भाषणे ऐकून घडलेले. सरकारने माणसाच्या वाटेतून बाजूला व्हावे, हा विचार आमच्या अंगात तेव्हापासून मुरलेला आहे. बुश 2000 साली जवळपास आमच्याच भाषेत बोलत होते: कर कमी करू, परराष्ट्र धोरणात नम्रता ठेवू, दुसऱ्यांची राष्ट्रे उभारण्याच्या कामाला आपले सैन्य जुंपणार नाही. कर त्यांनी खरोखरच कमी केले, 2001 मध्ये आणि पुन्हा 2003 मध्ये. पण खर्चाला हात न लावता केलेली करकपात म्हणजे पुढच्या पिढीच्या नावावर काढलेली उचल असते, आणि 2000 साली 23,600 कोटी डॉलर शिल्लक दाखवणारा अमेरिकेचा अर्थसंकल्प 2004 साली 41,300 कोटी डॉलरच्या तुटीत गेला. मार्च 2002 मध्ये त्यांनी आयात पोलादावर 30 टक्क्यांपर्यंत शुल्क बसवले. त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांनी सही केलेल्या शेती कायद्याने अनुदाने आणखी वाढवली. अशा अनुदानांमुळे जगात कापसाचे भाव पडतात आणि त्याची झळ थेट विदर्भातल्या शेतकऱ्याला लागते, हे आम्हाला कुणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

भावाच्या मनाला सर्वांत लागली होती ती नोव्हेंबर 2003 मधली एक पहाट. वृद्धांच्या औषधांचा खर्च सरकारी तिजोरीतून देणारे विधेयक कनिष्ठ सभागृहात पडण्याच्या बेतात होते, म्हणून एरवी पंधरा मिनिटांत संपणारे मतदान जवळजवळ तीन तास लांबवले गेले आणि बुश यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या नाराज सदस्यांची मने वळवून ते 220 विरुद्ध 215 असे संमत झाले. दहा वर्षांसाठी 40,000 कोटी डॉलर असा सांगितलेला खर्च, सही होऊन दोन महिने उलटायच्या आत 53,400 कोटींवर गेला. हेच विधेयक विरोधी पक्षाच्या अध्यक्षाने आणले असते, तर त्याच सदस्यांनी ते हाणून पाडले असते, असे भाऊ म्हणाला, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म याच वाक्यात आहे. परक्याविरुद्ध आपण सावध असतो; आपल्या माणसापुढे आपण शस्त्रे खाली ठेवतो.

पैशाची गोष्ट एक वेळ सोडून देता आली असती. पॅट्रिअट या दहशतवादविरोधी कायद्याची मात्र मला सोडता येत नाही. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर पंचेचाळीस दिवसांत तो अमलात आला आणि सिनेटमध्ये त्याविरुद्ध अवघे एक मत पडले. ग्रंथालयातून कोणी कोणते पुस्तक नेले, याची नोंद गुप्त न्यायालयाच्या आदेशाने मागवण्याची आणि ग्रंथपालाला त्याविषयी मौन पाळायला लावण्याची सोय त्यात होती. होझे पाडिया या अमेरिकी नागरिकाला तर शिकागोत अटक झाल्यावर लष्कराच्या ताब्यात देऊन आरोपपत्राशिवाय ठेवले होते, आणि आम्ही बोलत होतो त्या रात्रीपर्यंत त्याला दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

हे ऐकत बसलेली माझी आई उठून आत गेली आणि कपाटातून तिची लग्नपत्रिका घेऊन आली. ती पत्रिका पोर्तुगीज अमदानीतली आहे. कागद पिवळा पडून घडीवर विरला आहे. वर गणपती, खाली दोन्ही घराण्यांची नावे, आणि कोपऱ्यात सेन्सॉरने तपासल्याचा जांभळा शिक्का. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राज्यात लग्नाचे आमंत्रणसुद्धा सरकारी नजरेखालून गेल्याशिवाय छापता येत नसे. आई एवढेच म्हणाली की, तेव्हाही हे सारे शांततेसाठीच आहे असे सांगत असत. अमेरिका म्हणजे सालाझारचा गोवा नव्हे, हे मला पुरते ठाऊक आहे. तिथे न्यायालये होती, वर्तमानपत्रे होती, आणि त्या जूनमध्येच सर्वोच्च न्यायालयाने हमदी या असेच लष्कराच्या कैदेत ठेवलेल्या नागरिकाच्या खटल्यात अध्यक्षांच्या अधिकाराला लगाम घातला होता. तरीही भाऊ ती पत्रिका बराच वेळ हातात धरून बसला.

पुढे आमचा मतभेद झाला. त्याला कमीत कमी सरकार मागणाऱ्या लिबर्टेरियन पक्षाच्या मायकेल बॅडनारिक यांना मत द्यायचे होते. माझे म्हणणे होते की त्याने सरळ डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉन केरींना द्यावे, कारण क्लिंटन अध्यक्ष आणि काँग्रेस रिपब्लिकनांची असताना तिजोरीत शिल्लक पडली होती, तर बुश यांनी चार वर्षांत एकदाही नकाराधिकार वापरला नव्हता. केरींचे आर्थिक विचार मला पटत नव्हतेच. पण त्यांना अडवायला समोर रिपब्लिकन काँग्रेस उभी राहिली असती. ज्याच्या म्हणण्यावर विश्वास नाही त्याच्या नावापुढे खूण करायला हात धजत नाही, असे भावाने उत्तर दिले.

नोव्हेंबरमध्ये बुश राज्यनिहाय प्रतिनिधींच्या 286 विरुद्ध 251 मतांनी निवडून आले. बॅडनारिक यांना देशभरातून चार लाखांच्या आतच मते पडली, आणि त्यांतले एक माझ्या भावाचे होते.