तंबूची जागा झोपून बघावी

"कुठेही लावा, सगळं मोकळंच आहे," असं राखणदार म्हणाला तेव्हा मला आनंदापेक्षा धास्तीच वाटली. आखून दिलेली जागा असली की नशिबावर खापर फोडता येतं. इथे चुकलो तर दोष माझाच. आणि मागच्या खेपेला मी सपशेल चुकलो होतो. ओढ्याकाठची हिरवीगार जागा पाहून भुललो आणि पहाटे तोंडावर टपटप थेंब पडायला लागल्यावर जागा झालो. पाऊस नव्हताच. रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोलगट भागात साचते. त्यात पाण्याजवळचा दमटपणा. आपल्याच श्वासातली वाफ गार कापडाला लागून तिचं पाणी होतं.

म्हणून या वेळी सामान गाडीतून काढलंच नाही. चार वाजले होते, उजेड भरपूर होता. आधी रिकाम्या हाताने सगळं मैदान फिरलो.

ओढ्याकडचा पट्टा लगेच बाद. तिथे मधूनमधून लव्हाळ्यांचे झुपके होते, म्हणजे खाली ओल असणारच. टाच दाबली तर बुटाभोवती पाणी आलं. टेकाडाचा माथा देखणा, पण वाऱ्याने शर्ट फडफडत होता. एवढ्या शांत ठिकाणी रात्रभर कापडाचा फडफडाट ऐकत कोण झोपणार?

बायकोला एकटं मोठं झाड आवडलं. "सावली आहे, इथेच लावू." मी वर पाहिलं. दोन वाळक्या फांद्या नुसत्या अडकून राहिल्या होत्या. एकटं झाड विजेच्या दृष्टीनेही वाईट, आणि पाऊस थांबला तरी ते बराच वेळ ठिबकत राहतं. तिला हे पटायला थोडा वेळ लागला.

शौचालयाजवळ राहावं असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटायचं. पण रात्री त्या पायवाटेवरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या टॉर्चचा झोत तंबूवर येतो, शिवाय दार आपटतं ते वेगळंच. मी पावलं मोजली. ऐंशी पावलांवर, वाटेपासून बाजूला, झुडपांची दाट रांग होती. वारा तिकडूनच येत होता, म्हणजे आडोसा झाला. जमीन किंचित उंच. फोनवर होकायंत्र लावून पाहिलं तर पूर्व मोकळी. थंडीचे दिवस होते, त्यामुळे सकाळचं ऊन हवंच होतं. उन्हाळा असता तर उलट केलं असतं, कारण उन्हात तंबूची भट्टी व्हायला वेळ लागत नाही.

जागा ठरली, पण तंबू उघडला नाही. नुसतं प्लॅस्टिक अंथरून त्यावर आडवा झालो. राखणदार लांबून बघत होता, बघू दे. डोळ्यांना सपाट वाटलेली जमीन पाठीला मात्र उतरती लागली आणि डोकं जड व्हायला लागलं. फिरून डोकं चढाकडे केलं. उतार आडवा असता तर जागाच बदलली असती, कारण मग रात्रभर एकमेकांच्या अंगावर घरंगळायचं. कमरेखाली एक दगड टोचला. उपटायला गेलो तर तो हिमनगासारखा निघाला, म्हणून हातभर सरकलो. सरकल्यावर मुंग्यांचं बीळ दिसलं. परत सरकलो.

मग एक मेख ठोकून पाहिली. अर्धी गेली आणि खण्णकन वाजली. दुसरी पूर्ण गेली. बाकीच्याही तशाच, डोकं तंबूपासून लांब राहील अशा तिरक्या ठोकल्या. दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला.

अंधार पडल्यावर एक टोळकं आलं आणि त्यांनी टॉर्चच्या उजेडात दहा मिनिटांत ओढ्याकाठी तंबू लावला. त्यांचा हेवा वाटला. सकाळी आमचाही तंबू बाहेरून दवाने ओला होता, आत मात्र कोरडं. नऊपर्यंत वरचं कापड वाळलं आणि आम्ही घडी घातली. ते लोक अजून सावलीत टॉवेलने तंबू पुसत होते.

बायको सगळ्यांना सांगते की जागा शोधायला याला दीड तास लागला. पाऊण तास लागला होता.