गारंबीची बी

आमच्या शाळेत स्नेहसंमेलन दणक्यात व्हायचं, क्रीडामहोत्सवही व्हायचा. पण मी वर्षभर वाट बघायचो ती फेब्रुवारीतल्या वनफेरीची. सातवी ते दहावी, चार वर्षांत एकदाही चुकवली नाही. पहाटे साडेपाचला शाळेच्या दारात जमायचं. फडक्यात बांधलेली भाकरी, खर्डा आणि सगळ्यांत मिळून भडंगाची एक मोठी पिशवी. एसटी कोल्हापूर सोडून हळदी-परित्याकडं लागली की उसाच्या फडांवर धुकं दिसायचं आणि गाणी सुरू व्हायची. राधानगरी मागं पडून दाजीपूर आलं की मात्र सर गाणी बंद करायला लावायचे. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे जंगल, इथं आवाज त्यांचा, आपला नाही, असं ते सांगायचे.

फाटकाशी वाटाड्ये मामा उभे असायचे. दर वर्षी तेच. पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, आता गवा दाखवतील. मामा म्हणाले, "गवा दिसला तर दिसंल. आदी वेली बगा. झाड हुबं असतंय, कुठं पळत न्हाई. वेल कुठनं निघाली आन् कुठं गेली, ह्ये बगायला मान वर करायला लागती."

आणि खरंच, त्या दिवसापासून माझी जंगलात चालायची रीतच बदलली. जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या दाट सावलीत प्रत्येक वेलीची वर चढायची तऱ्हा वेगळी दिसू लागली. गुळवेल बुंध्याला सरळ वेढे घालत जाते. शिकेकाई आपले बाकदार काटे फांद्यांत अडकवत चढते. तिनं एकदा माझ्या सदऱ्याची बाही अशी धरली की मागं सरकूनच सोडवावी लागली. उक्षीला तेव्हा पोपटी फुलोरा असायचा. तिची जाड वेल कापली की पिण्याजोगं पाणी गळतं, असं मामांनी सांगितल्यावर सगळ्यांनी एकदमच "दाखवा की" म्हणून गलका केला. मामांनी कोयता कमरेचा काढला नाही. "तहानेनं जीव चाललाय तवा कापायची. तुमच्या बाटल्या भरल्याल्या हायत."

खाजकुइलीच्या शेंगा उन्हात सोनेरी मखमलीसारख्या चमकायच्या. "हात लावू नगासा" हे सांगून व्हायच्या आत आठवीच्या एका पोरानं लावलाच. दोन्ही हातांवर ओलं शेण थापून, ते वाळेपर्यंत तो बिचारा गप्प बसून होता. सर त्याच्या शेजारी बसून राहिले, त्याला स्वतःच्या हातानं भाकरी भरवली.

गुळवेलीची गोष्ट मला सगळ्यांत जवळची. पहिल्या वर्षी कुणीतरी औषधासाठी ती बुडातून तोडून नेलेली आढळली. वरचा भाग तसाच फांदीवर लोंबत होता, पानं झडलेली. मेली, असं आम्ही धरून चाललो. मामांनी नखानं साल जराशी खरवडली; आत हिरवीगार. तिथूनच सुतळीसारखं एक मूळ हवेत खाली सुटलं होतं, माझ्या खांद्यापर्यंत. पुढच्या वर्षी आम्ही धावतच तिथं गेलो. मूळ जमिनीत शिरलं होतं आणि बोटाएवढं जाड झालं होतं. अमृतवेल हे नाव मी तिथं शिकलो, पुस्तकात नंतर वाचलं.

जेवण मात्र ठरलेलं, ओढ्याकाठी गारंबीखाली. मांडीएवढी जाड, पिळा पडलेली ती वेल एका झाडावरून उठून ओढ्यापलीकडच्या झाडावर गेली होती. तिचा शेंडा चार वर्षांत मला सापडला नाही. शेंगा हातभर नव्हे, चांगल्या मीटरभर लांब. त्यातल्या बिया चपट्या, तपकिरी, तळहात भरेल एवढ्या. आत पोकळी असल्यानं त्या पाण्यावर तरंगतात आणि टणक कवचामुळं दूरवर वाहत जाऊन रुजतात, हे सर सांगत असताना मी एक बी खिशात घातली. सरांनी बघितलं. रागावले नाहीत. "अभयारण्यातलं काही न्यायचं नसतं. ओढ्यात सोड. हे पाणी भोगावतीला जातं, भोगावती पंचगंगेला. आपल्या घाटावर भेटेल तुला."

मी सोडली. फिरत फिरत ती दगडाआड गेली.

"पण सर, मधी धरण हाय की," मागून कुणीतरी म्हणालं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं ते धरण आम्ही येतानाच बघितलेलं.

"मग पावसाळ्यात दरवाजे उघडतील तेव्हा येईल."

अजूनही राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की मी पंचगंगेच्या घाटावर जातो. गढूळ पाण्यातून ओंडके, जलपर्णी, नारळ वाहत येतात. पायऱ्यांवर उभा राहून मी बराच वेळ बघत असतो. गेल्या वर्षी मुलीलाही नेलं. तिनं विचारलं, बी केवढी असते? मी माझा तळहात पुढं केला.